उत्तर कोण देणार? : दूरसंचाराचे कल, आफ्रिका आणि आपला तालुका

(देवळाली प्रवरा येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली रूपं बहुतेक ठिकाणी तशीच ठेवली आहेत.)



आजचा विषय पत्रिकेत जरा भारदस्त छापला गेलाय. 'आफ्रिकेतील उदयोन्मुख बाजारपेठ : तंत्रज्ञान, माध्यमे आणि दूरसंचार यांतील कल'. आत येताना एका जुन्या विद्यार्थ्याने विचारलं, "सर, देवळालीत बसून आफ्रिकेचं काय करायचं?" प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तरापासूनच सुरुवात करू या.

असे अहवाल दरवर्षी निघतात. सल्लागार कंपन्या काढतात, बँका काढतात. केनियावर, घानावर, नायजेरियावर. आम्ही अलीकडे असे पाचसहा अहवाल ओळीने वाचले. वाचताना एक खेळ करून पाहिला : देशाच्या नावावर बोट ठेवलं आणि तिथे मनातल्या मनात 'राहुरी तालुका' म्हणत पुढे गेलो. काही अडलं नाही! तरुण लोकसंख्या, स्वस्त होत चाललेला डेटा, वाढते स्मार्टफोन, बँकेबाहेरचा ग्राहक, व्हिडिओकडे ओढा. सगळं जसंच्या तसं लागू. म्हणजे एकतर घाना आणि राहुरी सारखेच आहेत, किंवा हे अहवाल ज्या नजरेतून लिहिले जातात तिला दोन्ही सारखेच दिसतात. आमचं म्हणणं असं, की दुसरी गोष्ट खरी आहे. आज त्या नजरेची समीक्षा करायची आहे.

ही नजर काय मोजते? जोडण्या मोजते. दर ग्राहकामागे महिन्याला किती महसूल, ते मोजते. किती डेटा वापरला, किती मिनिटं पाहिलं, ते मोजते. हे मोजणं चूक नाही. कंपनीला ते लागतंच. पण 'कल' हा शब्द पहा. नदीचा कल असतो, जमिनीचा कल असतो. पाणी आपोआप उताराकडे जातं. माणसांच्या निर्णयांना 'कल' म्हटलं की निर्णय कुणी घेतला, हा प्रश्नच नाहीसा होतो. आणि 'बाजारपेठ' म्हटलं की तिथला माणूस फक्त दोनच गोष्टी करू शकतो : घेणं किंवा न घेणं. तो प्रश्न विचारू शकतो, हे त्या चित्रात कुठे बसतच नाही.

आमचा आजचा मुद्दा एवढाच आहे. संपर्काच्या साधनाची खरी परीक्षा ते किती जणांपर्यंत पोचलं ही नव्हे. ज्याच्यापर्यंत पोचलं त्याला उलट विचारता येतं का, आणि विचारल्यावर उत्तर देणं कुणाचं तरी काम आहे का, ही परीक्षा.

हा नुसता आदर्शवाद नाही. ही परीक्षा एकदा प्रत्यक्ष घेतली गेली आहे, आणि तीही मराठी मुलखात. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पाच मराठीभाषक जिल्ह्यांतली सुमारे १५० गावं निवडली. प्रत्येक गावात वीसेक जणांचं एक श्रोतृमंडळ. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम. एकूण २० कार्यक्रम. इथवर नवं काही नाही. पण रेडिओ बंद झाला की मंडळ उठायचं नाही. ऐकलेल्यावर चर्चा करायची. त्यातून निघालेले प्रश्न लिहून पुण्याला पाठवायचे. आणि त्या प्रश्नांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून द्यायची. हा नमुना मूळचा कॅनडातला, तिथल्या शेतकऱ्यांसाठी १९४१मध्ये सुरू झालेला. पण गरीब, बऱ्याच अंशी निरक्षर मुलखात तो टिकेल का, हे पुण्यात तपासलं गेलं.

तपासणी मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने केली. तिचे प्रमुख होते पॉल न्यूराथ. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने हे नाव ऐकून कान टवकारायला हवेत. व्हिएन्ना वर्तुळातले ऑटो न्यूराथ, त्यांचा हा मुलगा. नाझींच्या छळछावण्यांतून सुटून अमेरिकेत गेलेला समाजशास्त्रज्ञ. वडिलांनी सामान्य माणसाला आकडेवारी कळावी म्हणून चित्रांची एक भाषा घडवली होती, आयसोटाइप. वडिलांच्या पश्चात त्यांच्या पत्नी मारी न्यूराथ हीच चित्रभाषा घेऊन पन्नाशीच्या दशकात पश्चिम आफ्रिकेत गेल्या. युरोपात चाललेली चित्रं तिथे तशीच चालेनात. तिथल्या लोकांकडून समजून घेत ती बदलावी लागली. एकाच घरातली दोन माणसं, एक आफ्रिकेत, एक आपल्याकडे, आणि दोघांपुढचा प्रश्न तोच : सांगितलेलं समोरच्याला कळलं की नाही, हे कसं समजायचं?

पॉल न्यूराथ यांनी तीन प्रकारची गावं घेतली. काहींत रेडिओ आणि मंडळ दोन्ही, काहींत नुसता रेडिओ, काहींत काहीच नाही. प्रयोगाच्या आधी आणि नंतर मुलाखती घेतल्या. मंडळाच्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढली. नुसत्या रेडिओच्या गावांत वाढ फारच थोडी. जे. सी. माथुर आणि न्यूराथ यांचा यावरचा अहवाल युनेस्कोने १९५९मध्ये प्रसिद्ध केला.

आता बघा मंडळी, आजच्या अहवालांच्या दृष्टीने 'नुसता रेडिओ' आणि 'रेडिओ अधिक मंडळ' ही दोन्ही गावं एकसारखीच. दोन्हीकडे संच आहे, म्हणजे दोन्हीकडे 'प्रसार' झाला! न्यूराथ यांना जो फरक दिसला तो त्या मोजमापात दिसूच शकत नाही.

या प्रयोगाची आरती ओवाळायची नाही. त्याचेही दोष सांगितले पाहिजेत. मंडळात बसणारे प्रामुख्याने पुरुष होते. विषय वरून ठरत होते. गावाने विचारायचं, पण कशाबद्दल विचारायचं हे पुण्यात ठरायचं. आणि दहा आठवडे कुणीतरी आपल्या गावाकडे आवर्जून लक्ष देतंय, या अपूर्वाईनेही उत्साह वाढला असणार. सर्वांत मोठा दोष नंतर दिसला. १९५९च्या अखेरीला योजना देशभर नेली. मंडळांची संख्या हजारांवर गेली. आणि प्रयोगाला जीव देणारी गोष्ट, म्हणजे पत्र वाचून उत्तर देणारी माणसं, ती काही त्या प्रमाणात वाढली नाहीत. मंडळं कागदावर वाढली. आपल्याकडचा विस्तार बहुधा असाच होतो : जे मोजता येतं तेवढं वाढतं.

पुण्याहून हा धागा थेट आफ्रिकेत गेला. १९६४-६५मध्ये युनेस्कोने असाच प्रयोग घानात केला. तिथल्या पूर्व भागात, अकान भाषेत. हेलन एबेल यांचा अहवाल १९६८चा आहे. म्हणजे 'देवळालीत बसून आफ्रिकेचं काय?' याचं एक उत्तर हे : घानातल्या खेड्याने रेडिओभोवती बसून चर्चा कशी करावी, याचा एक धडा मराठी खेड्यांमध्ये आधी गिरवला गेला होता. त्या वेळी आपण आणि ते एकमेकांचे सहाध्यायी होतो. आज आपण दोघंही एकाच तक्त्यातले दोन रकाने आहोत.

आता पुढे या. १९९८. वारणानगर. पंतप्रधान कार्यालयाच्या पुढाकाराने 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. वारणा खोऱ्यातली सुमारे ७० गावं, प्रत्येक ठिकाणी संगणक केंद्र. बाजारभाव, जमिनीचे उतारे, शिक्षण, नोकऱ्या, सगळं गावात येणार असं चित्र होतं. प्रत्यक्षात केंद्रांचा वापर मुख्यतः कशासाठी झाला? आपला ऊस किती भरला, खताच्या उधारीचा हिशेब काय, यासाठी. काही अभ्यासकांनी हे अपयश मानलं. एवढी जगाची खिडकी उघडून दिली आणि हे उसाचं वजन विचारतात!

आम्हाला यात अपयश दिसत नाही. ऊसकरी माणसाचा पहिला प्रश्न तोच आहे. तुम्ही न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं घेऊन आलात, त्यांनी आपला प्रश्न विचारला. पुढे २००६-०७मध्ये मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी त्यांतल्या सात गावांत संगणक बाजूला ठेवून मोबाइलच्या एसएमएसवर तेच काम करून दाखवलं. साधा, स्वस्त फोन. गावातून विचारणा जायची, उत्तर यायचं. नाट्यमय काही नाही. पण दिशा बघा : सुरुवात गावाकडून होते.

आज आपल्या खिशात काय येतं? बँकेचा मेसेज, वीजबिलाचा, पीकविम्याचा, उसाच्या वजनाचा. पाठवणाऱ्याच्या जागी फोननंबर नसतो, सहाएक अक्षरं असतात. त्याला उत्तर पाठवता येत नाही. 'तुमचा अर्ज नामंजूर झाला आहे.' बरं, का? विचारायला जागाच नाही. मग मदतवाहिनी. मराठीसाठी दोन दाबा, मग चार दाबा, मग नऊ दाबा, मग संगीत. आम्ही गेल्या वर्षी हयातीचा दाखला द्यायला गेलो. बोटांच्या रेषा वयाने झिजल्या आहेत, यंत्राने ठसा नाकारला. देकार्त शिकवण्यात ज्याची उमर गेली, त्याला आपण आहोत हे सिद्ध करता येईना! यंत्रापुढे युक्तिवाद चालत नाही. शेवटी तिथल्या एका मुलीने दुसरा मार्ग शोधून दिला. काम झालं. पण ती मुलगी तिथे होती म्हणून झालं. ती तिथे असणं कुठल्याही अहवालात मोजलं जात नाही. उलट 'कार्यक्षमता' वाढवायची म्हटली की आधी तिचीच खुर्ची काढतात.

आफ्रिकेचं सर्वांत गाजलेलं उदाहरण केनियाचं, एम-पेसा. 'पेसा' हा स्वाहिली शब्द आपल्या 'पैसा'चाच भाऊ; पूर्व आफ्रिकेत १९२०पर्यंत रुपयाच चालत होता. मार्च २००७मध्ये सफारीकॉम कंपनीने ही सेवा सुरू केली, आणि फोनवरून पैसे पाठवण्यात केनिया जगाच्या पुढे गेला. ही गोष्ट तंत्रज्ञानाचा विजय म्हणून सांगितली जाते. तिचा आरंभ मात्र वेगळा आहे. आधीच्या चाचणीत ही सोय होती छोट्या कर्जांचे हप्ते फेडण्यासाठी. लोकांनी ती भलत्याच कामाला लावली. एकमेकांना पैसे पाठवायला सुरुवात केली. चालकांनी ते पाहिलं आणि सेवेचा उद्देशच बदलला. शहरात कमावणाऱ्याने गावी पैसे पाठवायचे, हे तिचं मुख्य काम झालं. आणि कोपऱ्याकोपऱ्यावरचा दुकानदार, जो रोख घेतो, रोख देतो आणि अडलेल्याला समजावून सांगतो, तो तिचा कणा. थोडक्यात, तिथे वापरणाऱ्याने केलेला बदल बनवणाऱ्याने ऐकला.

हेच एम-पेसा व्होडाफोनने २०१३मध्ये भारतात आणलं आणि २०१९मध्ये बंद केलं. इथले बँकिंगचे नियम वेगळे होते, आणि २०१६मध्ये यूपीआय आलं. नाव तेच, तंत्र तेच, निकाल उलटा. ज्यांना 'कल' एका देशातून दुसऱ्या देशात उचलून नेता येतो असं वाटतं, त्यांनी यावर थोडं थांबायला हरकत नाही.

इथे कुणी म्हणेल, "सर, लोक आता गप्प कुठे आहेत? जो तो बोलतोय." बरोबर आहे. मिस कॉलच घ्या. बॅलन्स वाचवायला आपल्या लोकांनी ही भाषा शोधली. एक रिंग म्हणजे निघालो, दोन म्हणजे पोचलो. आफ्रिकेतही अनेक देशांत हीच युक्ती लोकांनी आपापली शोधून काढली. कुणा कंपनीने शिकवली नाही. फार हुशारीची गोष्ट आहे. आणि मग तिचं काय झालं? २०११मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांचं आंदोलन झालं, तेव्हा पाठिंब्यासाठी मिस कॉल मागवले गेले. लोकांनी भरभरून दिले. पुढे राजकीय पक्षांनी त्यावर सदस्यनोंदणी केली. पण मिस कॉलने फक्त 'हो' म्हणता येतं. 'हो, पण' म्हणता येत नाही. 'का?' असंही विचारता येत नाही. ज्या युक्तीने दोन माणसं एकमेकांशी बोलत होती, तिचा उपयोग पुढे माणसं मोजायला झाला.

याहून चांगलं उदाहरण २०१५-१६चं आहे. फेसबुकला 'फ्री बेसिक्स' आणायचं होतं, म्हणजे ठरावीक संकेतस्थळं फुकट. आफ्रिकेत ही कल्पना २०१४मध्ये झांबियात आली होती, तीही एअरटेल या आपल्याच कंपनीच्या जाळ्यावर. भारतात दूरसंचार नियामकाने, म्हणजे ट्रायने, आधी लोकांची मतं मागवली. काही नेमके प्रश्न विचारले. फेसबुकने आपल्या वापरकर्त्यांना एक तयार मजकूर दिला; बटण दाबा, पाठिंबा गेला. लाखो संदेश गेले. ट्रायने कळवलं, की आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं यात नाहीत. आणि फेब्रुवारी २०१६मध्ये मजकुरानुसार वेगवेगळे दर लावायला मनाई केली.

निर्णय बरोबर की चूक, यावर मतभेद असू शकतो. गरिबाला काहीच नसण्यापेक्षा थोडं फुकट मिळालं तर काय बिघडलं, हा युक्तिवाद आम्ही हसण्यावारी नेणार नाही. पण एका सरकारी संस्थेने प्रतिसाद आणि उत्तर यांत फरक केला, ही आम्हाला त्या वर्षातली मोठी घटना वाटते. लाखो प्रतिसाद आले, पण प्रश्न अनुत्तरितच होता.

आपल्या न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. वाद, जल्प आणि वितंडा. खरं काय ते ठरवण्यासाठी दोघांनी केलेला तो वाद. जिंकण्यासाठी केलेला तो जल्प. स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं नुसतं खोडायचं, ती वितंडा. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यांतलं काय चालतं, ते तुम्हीच सांगा. (हशा) आम्ही ग्रुपला दोष देत नाही. वादाला काही अटी लागतात : समोरचा ऐकतोय हे ठाऊक असावं लागतं, आणि आपलं चुकलं तर मान्य करण्याची सोय लागते. १९५६च्या मंडळात या अटी थोड्याफार होत्या. ग्रुपमध्ये बोलायची सोय अफाट आहे. पण पाटाचं आवर्तन कधी सुटणार, हे ज्याला ठाऊक आहे तो माणूस त्या ग्रुपमध्ये नसतो. असला तरी उत्तर देणं त्याच्यावर बंधनकारक नसतं. म्हणून अफवा फिरते. माहिती नसणं हे अफवेचं अर्धंच कारण आहे. उरलेलं अर्धं, विचारायला माणूस नसणं.

कायद्याच्या अंगानेही पाहू. ९ फेब्रुवारी १९९५ला सर्वोच्च न्यायालयाने आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल दिला. न्या. पी. बी. सावंत त्या पीठावर होते, मराठी माणूस. प्रकरण होतं क्रिकेटच्या प्रक्षेपणाचं, पण तत्त्व फार दूरवर जाणारं. त्यानंतर सात वर्षांनी, २००२मध्ये, शैक्षणिक संस्थांना सामुदायिक रेडिओची परवानगी मिळाली. २००६मध्ये स्वयंसेवी संस्थांना. पण अट अशी, की स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या तशाच्या तशा लावायच्या. म्हणजे गावच्या रेडिओवर ओव्या चालतील, कांद्यावरच्या करप्याची माहिती चालेल, पण काल नगरपरिषदेच्या सभेत काय ठरलं ही बातमी चालणार नाही. तीच बातमी वर्तमानपत्रात चालते, मोबाइलवरच्या व्हिडिओत चालते. लहरी जनतेच्या, पण जनतेने त्यांवर बातमी सांगायची नाही! ही विसंगती कुणी आम्हाला समजावून सांगेल तर आभारी राहू.

मग करायचं काय? आम्ही तंत्रज्ञ नाही. एकच सूचना करतो. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलाचा ५ टक्के हिस्सा २००२पासून सार्वत्रिक सेवेच्या निधीसाठी घेतला जातो. आता त्याचं नाव डिजिटल भारत निधी झालंय. त्यातून टॉवर होतात, ग्रामपंचायतीपर्यंत फायबर येते. चांगलंच आहे. पण फायबर भिंतीपर्यंत येऊन थांबते. त्या निधीतला एक वाटा भिंतीच्या अलीकडे बसणाऱ्या माणसासाठी ठेवा. उत्तर देणाऱ्या माणसासाठी. शेजारी राहुरीचं कृषी विद्यापीठ आहे, जाणत्यांची वाण नाही. आणि नियम असा करा, की नागरिकाला संदेश पाठवणाऱ्या प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने उलट उत्तर घेण्याची सोय ठेवली पाहिजे, आणि किती प्रश्न आले, किती सुटले, हे दर महिन्याला जाहीर केलं पाहिजे. मोजायचंच असेल तर हे मोजा.

याला खर्च आहे. माणूस यंत्रापेक्षा महाग पडतो, हे आम्हाला कळतं. १९५९नंतर योजना याच खडकावर फुटली. पण तेव्हा पत्र पुण्याला पोचायला काही दिवस लागत. आज प्रश्न क्षणात पोचतो. जो वेळ वाचला, जो पैसा वाचला, त्यातला थोडा उत्तरावर खर्च करायला काय हरकत आहे?

ज्ञानेश्वरी इथून जवळच, प्रवरेकाठी नेवाशात सांगितली गेली. तिथे वक्ता श्रोत्यांकडे पुन्हा पुन्हा वळतो, त्यांचं अवधान मागतो, त्यांच्या मनात काय चाललं असेल ते ओळखून थांबतो. ऐकणाऱ्याला एवढं मोजायची रीत आपल्या मातीतली आहे; ती कुठल्या अहवालातून आणायला नको.

आम्ही तासभर एकतर्फी बोललो, म्हणजे आमच्याच परीक्षेत अजून नापास आहोत. उरलेला वेळ तुमचा. मागे बसलेल्या बायकांपासून सुरुवात करू या, १९५६ला त्यांची पाळी आली नव्हती. विचारा. उत्तर येत नसेल तर तसं सांगू, आणि पुढच्या वेळी घेऊन येऊ.